सिद्धगडाच्या आधीचे भाई

आमच्या श्रुतिकेचा पहिला ड्राफ्ट गोळीबारानेच सुरू होत होता. धाड, धाड, धाड. मग झाडांवरून पाखरं उडाल्याचा आवाज, मग बुटांचा, आणि मग निवेदक एकदम खर्जात: २ जानेवारी १९४३, ठिकाण सिद्धगड. वाचून संपलं तेव्हा ग्रुपने टाळ्या वाजवल्या. स्क्रिप्ट मीच लिहिली होती, त्यामुळे मी नुसतंच लाजल्यासारखं केलं.

घरी येऊन तीच स्क्रिप्ट आजीला वाचून दाखवली आणि माझी सगळी हवा निघून गेली.

हा उद्योग कशासाठी चाललाय ते आधी सांगते. मास कम्युनिकेशनची डिग्री घेऊन मी कॉलेजातून बाहेर पडले, पण ज्युनिअर्सनी काही मला सोडलं नाही. यंदा १५ ऑगस्टला झेंडावंदन झाल्यावर दर वर्षीचे डान्स नकोत, वेगळं काहीतरी करू, असं त्यांच्या डोक्यात आलं. कर्जत आणि खोपोली लोकलने ये-जा करणारी ही मुलं. डब्यात निम्म्यांच्या कानात पॉडकास्ट चालू असतं. त्यावरून कुणीतरी म्हणालं की आजी-आजोबांच्या काळातलं पॉडकास्ट म्हणजे रेडिओवरच्या श्रुतिका, आपण तीच करू. अर्धा तास, मैदानावरच्या स्पीकरवर, नुसता आवाज. विषयावर तर चर्चाच झाली नाही. नेरळच्या हुतात्मा चौकातून लहानपणापासून जा-ये करणाऱ्यांना देशभक्तीचा विषय शोधायला लांब कशाला जावं लागतंय? भाई कोतवाल.

ज्यांना श्रुतिका हा शब्दच आज पहिल्यांदा भेटतोय त्यांच्यासाठी दोन ओळी. मुंबईत रेडिओ केंद्र सुरू झालं २३ जुलै १९२७ ला. १९३६ पासून सरकारी रेडिओला ऑल इंडिया रेडिओ हे नाव मिळालं, आकाशवाणी म्हणायला लागले ते स्वातंत्र्यानंतर. टीव्ही घरोघरी पोचेपर्यंत नाटक म्हणजे अनेकांसाठी कानांनी बघायची गोष्ट होती. छोटं असेल तर श्रुतिका, मोठं असेल तर नभोनाट्य. आपल्या आज्या अजूनही ‘पुन्हा प्रपंच’मधल्या टेकाडे भावजींची आठवण शेजारच्या माणसाची काढावी तशी काढतात. २६ जानेवारी आणि १५ ऑगस्ट आले की हुतात्म्यांवर, क्रांतिकारकांवर खास कार्यक्रम व्हायचे. स्टुडिओत नारळाच्या दोन करवंट्या आपटल्या की घोडा धावायचा, पत्रा हलवला की ढग गडगडायचे, चुरचुरीत कागद माइकजवळ चुरगाळला की आग लागायची. बजेट शून्य आणि व्हीएफएक्स थेट ऐकणाऱ्याच्या डोक्यात.

तर, आजी. ती खोपोलीत वाढली आणि रेडिओच्या बाबतीत तिचं मत शेवटचं असतं. वालाच्या शेंगा सोलत तिने माझी स्क्रिप्ट पूर्ण ऐकून घेतली आणि विचारलं, की हा जो माणूस पहिल्याच मिनिटाला मेला तो कोण होता? मी म्हटलं, अगं भाई कोतवाल. तिला ते माहीत होतं. तिचं म्हणणं वेगळं होतं. तिच्या वेळच्या श्रुतिकांत माणूस मरायच्या आधी वीस मिनिटं तुमच्या घरात राहून जायचा. जेवायचा, भांडायचा, आईला पत्र लिहायचा. मग गोळीचा आवाज आला की पोटात गलबलायचं. इथे तर ओळख व्हायच्या आधीच गोळी, मग रडायचं कुणासाठी?

मी चिडले. रात्री परत लॅपटॉप उघडला, जमवलेली माहिती पुन्हा वाचली, आणि लक्षात आलं की म्हातारीचं बरोबर आहे. भाई जगले तीस वर्षं, एक महिना आणि एक दिवस. माझ्या स्क्रिप्टमध्ये त्यातले शेवटचे चार महिने होते. बाकीची एकोणतीस-साडेएकोणतीस वर्षं मी एका वाक्यात उरकली होती: गरिबीतून शिक्षण घेऊन ते वकील झाले.

त्या एका वाक्यात काय काय दडपलं होतं ते आता सांगते.

विठ्ठल लक्ष्मण कोतवाल यांचा जन्म १ डिसेंबर १९१२ चा, माथेरानचा. आपल्याला माथेरान म्हणजे वीकेंड, चिक्की आणि घोडे. पण हे गाव वसलं कसं ते बघा. १८५० मध्ये ठाण्याचा कलेक्टर मॅलेट डोंगरावर चढला, त्याला हवा आवडली, आणि साहेब लोकांचे बंगले उभे राहिले. मागोमाग मुंबईतले धनिक आले. १९०७ मध्ये नेरळहून छोटी गाडी वर चढायला लागली, ती बांधली आदमजी पीरभॉय यांच्या घराण्याने. म्हणजे भाई जन्मले तेव्हा ट्रेन जेमतेम पाच वर्षांची होती. एवढे लोक हवा खायला वर येणार, तर त्यांचं सामान वाहणारे, घोडे धरणारे, पाणी भरणारे, भांडी घासणारे आणि दाढ्या करणारेही तिथेच राहणार. कोतवालांचं घर नाभिक समाजाचं, परिस्थिती हलाखीची. एकाच लाल मातीच्या रस्त्यावर दोन माथेरानं चालत होती आणि एकाला दुसऱ्याचं आडनावही ठाऊक नसे.

इथे एक कबुली. माझ्या पहिल्या ड्राफ्टमध्ये भाईंची जात नव्हती. मी विसरले नव्हते, वगळली होती. जातीचा उल्लेख कशाला, उगाच कुणाला काही वाटायला नको, असा माझा शहाणपणा. मग ग्रुपमधल्या एका मुलाने, ज्याच्या वडिलांचं आमच्याकडे सलून आहे, शांतपणे सांगितलं की त्यांच्या दुकानात आरशाच्या वर संत सेना महाराज आणि शेजारी भाई कोतवाल असे दोन फोटो आहेत. लहानपणी त्याला शाळेत धंद्यावरून चिडवायचे, तेव्हा घरी आल्यावर वडील त्या दुसऱ्या फोटोकडे बोट दाखवायचे. आपण ज्याला अवघड विषय म्हणून बाजूला ठेवतो, तो कुणाच्या तरी घरात ताठ उभं राहायचा आधार असतो. आता आमच्या श्रुतिकेतला पहिला आवाज चामड्याच्या पट्ट्यावर वस्तरा परजल्याचा आहे. त्याच दुकानात रेकॉर्ड केलाय. मागे झाडावर पावश्या ओरडत होता, तोही फुकटात मिळाला.

माथेरानला चौथीपर्यंत शिकून विठ्ठल पुण्याला नातेवाइकांकडे गेला. तिथे त्याने व्हर्नाक्युलर फायनलची परीक्षा दिली आणि पुण्यात पहिला आला. ही परीक्षा म्हणजे मराठी सातवी. ऐकायला किरकोळ वाटेल, पण त्या काळी सातवी पास झालेला मुलगा शाळामास्तर होऊ शकायचा, सरकारी कचेरीत चिकटू शकायचा. हातातला वस्तरा खाली ठेवून लेखणी धरायची आणि महिन्याच्या पगारावर घर चालवायचं, एवढी मजल एका परीक्षेत मारता येत होती. बहुतेकांनी तिथेच थांबून देवाला नारळ फोडला असता. हा पुढे शिकत राहिला आणि वकील झाला.

वकील झाल्यावर मुंबई किंवा पुण्यात पाटी लावणं सोपं होतं. लोकलने दोन तासांवर हायकोर्ट. भाई मात्र परत माथेरानला आले. नगरपालिकेत निवडून गेले, उपनगराध्यक्ष झाले. ज्या गावात आपले लोक बंगल्यांच्या मागच्या दाराने आत जायचे, तिथल्या कारभाराच्या खुर्चीत बसले. आणि डोंगराच्या खालीही बघायला लागले.

खाली काय होतं? कर्जत, खालापूर, पलीकडे मुरबाड. भाताची खाचरं, ठाकरवाड्या, कातकरीवाड्या. तेव्हा जिल्ह्याचं नाव रायगड नव्हतं, कुलाबा होतं. ते १९८१ मध्ये बदललं. जमीन कसणारा एक आणि सातबाऱ्यावर नाव दुसऱ्याचं, हा सगळीकडचा प्रकार. याच जिल्ह्यात अलिबागजवळ चरी गावच्या कुळांनी १९३३ ते १९३९ अशी सहा वर्षं शेतं कसायचं बंद ठेवून संप केला होता. नारायण नागू पाटलांनी तो चालवला, डॉ. आंबेडकर त्या लोकांच्या पाठीशी उभे राहिले. भाई वयात आले ते या हवेत. त्यांच्याकडे सहा वर्षांचा संप नव्हता, पण वकिलीची सनद होती. कुळांच्या, शेतकऱ्यांच्या बाजूने ते कागदपत्रं घेऊन उभे राहायला लागले. आणि शाळा काढायला लागले. पन्नास नाही, शंभर नाही, पण गावोगाव आणि वाडीवाडीवर मिळून चाळीसच्या वर स्वयंसेवी शाळा त्यांनी सुरू केल्या असं सांगतात. ज्याचा अंगठा कागदावर उमटवून घेतला जातो त्याला आधी तो कागद वाचता आला पाहिजे, हे वकिलाला कळायला फार वेळ लागत नाही.

आता धान्य. आजीने मला सगळ्यात जास्त इथे झापलं.

आपल्या भागात भात एकदाच पिकतं. दिवाळीच्या आसपास कणगी भरते आणि आषाढ-श्रावणात तळ दिसतो. नेमकी तेव्हाच लावणीची कामं अंगावर, म्हणजे खायला जास्त लागणार आणि घरात काही नाही. मग सावकाराकडे जाऊन खावटी आणायची. खावटी म्हणजे खाण्यापुरतं उसनं धान्य. ते पीक आल्यावर फेडायचं, पण सवाईने किंवा दिढीने. दिढी म्हणजे मण घेतलं तर दीड मण परत. मोबाइलचा ईएमआय चुकला की आपण कासावीस होतो ना? इथे तीन-चार महिन्यांत पन्नास टक्के. शिवाय मोजायचं माप सावकाराचं आणि वहीसुद्धा त्याचीच. नवं भात खळ्यावरूनच त्याच्याकडे जायचं, म्हणून पुढच्या आषाढात पुन्हा तेच. एकदा खावटीत अडकलेला माणूस जमिनीसकट अडकायचा.

टंचाईच्या दिवसांत भाईंनी यावर उपाय काढला तो धान्याच्या कोठाराचा. शेतकऱ्यांनी स्वतःचं धान्य एकत्र साठवायचं आणि अडीअडचणीला त्यातूनच न्यायचं, सावकाराच्या दारात जायचं नाही. हे आपण आज चार शब्दांत लिहितो. पण विचार करा, ज्यांनी आयुष्यभर फक्त फसवणारी मापं बघितली त्यांनी आपल्या कणगीतलं भात उचलून सगळ्यांच्या ढिगात ओतायचं, ते कुणाच्या भरवशावर? या माणसाच्या. माथेरानवरून खाली उतरून आलेल्या, तिशीही न गाठलेल्या एका वकिलाच्या.

मला वाटतं भाईंच्या आयुष्यातला सगळ्यात धाडसी सीन हा आहे. आणि माझ्या स्क्रिप्टमध्ये तो नव्हता, कारण यात धडाम असं काही वाजत नाही.

वाजतं ते पुढे. ८ ऑगस्ट १९४२ ला मुंबईत गवालिया टँकवर छोडो भारतचा ठराव झाला आणि दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत मोठे पुढारी तुरुंगात गेले. मागे उरलेल्यांना काय करायचं हे सांगायला कुणी नव्हतं. ज्याला जसं सुचलं तसं त्याने केलं. मुंबईत उषा मेहता नावाच्या मुलीने आणि तिच्या मित्रांनी काँग्रेस रेडिओ सुरू केला. लपूनछपून, जागा बदलत बदलत, ४२.३४ मीटरवर. नोव्हेंबरात पोलिसांनी तो पकडला. तेव्हा उषाताई बावीस वर्षांच्या होत्या. मीही बावीसचीच आहे आणि माझा स्वतःचा पॉडकास्ट तिसऱ्या एपिसोडनंतर बंद पडलाय, हे जाता जाता.

भाईही भूमिगत झाले. आडनाव कोतवाल आणि पुढचे महिने पोलिसांना चुकवण्यात. शेतकरी आणि आदिवासी पोरं घेऊन त्यांनी आझाद दस्ता उभा केला. कर्जत तालुक्यातल्या मानिवलीचे गोमाजी पाटील त्यात होते आणि त्यांचा मुलगा हिराजी होता. बाप-लेक एका दस्त्यात. दस्त्याने लक्ष्य निवडलं ते विजेच्या मनोऱ्यांचं.

का, ते समजायला आपल्या भागाचा थोडा भूगोल लागतो. लोणावळ्याच्या बाजूला घाटमाथ्यावर टाटांनी तलाव बांधले, त्यांचं पाणी मोठ्या नळांतून खाली खोपोलीला सोडलं आणि १९१५ पासून तिथली वीज मुंबईच्या गिरण्यांना जायला लागली. १९२२ मध्ये कर्जत तालुक्यात भिवपुरीचं केंद्र सुरू झालं, पुढे १९२७ मध्ये भिऱ्याचं. त्यातल्या भिऱ्यासाठी मुळशीचं धरण झालं, त्याच्याविरुद्ध मावळ्यांनी सेनापती बापटांबरोबर सत्याग्रह केला, तो आपण शाळेत एका ओळीत शिकलो. म्हणजे मुंबईचं यंत्र फिरत होतं ते आपल्या डोंगरांतून पडणाऱ्या पाण्यावर. लाखभर व्होल्टच्या तारा आपल्या भाताच्या खाचरांवरून जायच्या, आणि त्यांच्या खालच्या झोपडीत रॉकेलची चिमणी. आजीला तिच्या लहानपणीही हेच आठवतं, की डोक्यावर तारा गुणगुणायच्या आणि अभ्यास चिमणीवर.

युद्ध चालू होतं. मुंबईतले कारखाने सरकारला लागणारा माल काढत होते. वीज तोडली की ते थांबणार. १९४२ च्या सप्टेंबरपासून नोव्हेंबरपर्यंत दस्त्याने रात्री-अपरात्री जाऊन करवतीने मनोऱ्यांचे लोखंडी पाय कापले. अकरा मनोऱ्यांचा आकडा सांगितला जातो. सरकारच्या ताब्यातला रेडिओ ही बातमी काय मानाने देणार होता! पण मुंबईत गिरणीचा पट्टा थांबला की कामगारांना ते कळतच होतं.

आमच्यातल्या एकाने विचारलं की हे आज कुणी केलं तर? तर सरळ गुन्हा आहे आणि आपणच त्याला शिव्या घालू, कारण आपला चार्जर त्या तारेला लावलेला आहे. तेव्हा तार वेगळ्याची होती, राज्य वेगळ्याचं होतं, आणि ते राज्य घालवायचा मतदानासारखा रस्ता नव्हता. यावर श्रुतिकेत भाषण ठोकायचं नाही असं ठरलं.

करवतीचा आवाज मात्र आम्हाला खरा हवा होता. एका भंगारवाल्याकडे जुना लोखंडी अँगल मिळाला, शेजारच्या गॅरेजमधून हॅकसॉ आणला आणि फोन रेकॉर्डिंगला लावून आळीपाळीने कापायला लागलो. आमची समजूत अशी की पाच मिनिटांत होईल. एक अँगल कापायला पंचवीस मिनिटं लागली, दोन ब्लेडं तुटली आणि तिघांच्या हाताला फोड आले. बरं, आवाज केवढा! गल्लीच्या टोकाला चहा पिणारे उठून बघायला आले. तेव्हा डोक्यात ट्यूब पेटली. मनोऱ्याला असे चार पाय, आमच्या अँगलपेक्षा कितीतरी जाड. शांत रात्र, उघडं माळरान, आणि तो कर्र कर्र आवाज लांबपर्यंत जाणार. आसपासच्या वाड्यांना तो ऐकू गेला नसेल? तरी एक रात्र नाही, दोन रात्री नाहीत, महिनोन्‌महिने हे चाललं. ज्यांनी ऐकलं ते कूस बदलून झोपले. कारण करवत चालवणारा कोण आहे त्यांना माहीत होतं. पोरांना अक्षरं शिकवणारा, कोठारात धान्य ठेवणारा माणूस.

आजीच्या वीस मिनिटांचा अर्थ मला त्या भंगाराच्या दुकानात कळला. आधी धान्य आणि शाळा घेतल्या नाहीत तर करवतीच्या सीनला लोक गप्प का राहिले तेच ऐकणाऱ्याला समजणार नाही.

सरकारने बक्षीस लावलं. पोलिसांचे तळ पडले. दस्ता मागे मागे सरकत मुरबाड तालुक्यातल्या सिद्धगडाच्या जंगलात गेला. ट्रेक करणाऱ्यांना हा भाग माहीत असेल. गोरखगडाचा शेजारी, वर भीमाशंकरचं रान, खाली दाट झाडी आणि ओढे. जानेवारीत तिथे पहाटे एवढी थंडी असते की स्लीपिंग बॅगमध्येसुद्धा दात वाजतात. त्या लोकांकडे घोंगड्या असतील तर असतील.

आणि मग बातमी फुटली. भाईंचा निरोप सहकाऱ्यांऐवजी एका जमीनदाराच्या हाती पडला आणि ठावठिकाणा पोलिसांपर्यंत पोचला, असं सांगितलं जातं. आमच्या ड्राफ्टमध्ये हा जमीनदार घोगऱ्या आवाजात हसायचा, जुन्या सिनेमातल्यासारखा. गंमत म्हणजे ते काम करायला कुणीच तयार होईना. चिठ्ठ्या टाकल्या. ज्याच्या नावाची चिठ्ठी आली तो म्हणाला, मी हसणार नाही, साधं बोलेन. त्याचं म्हणणं मला पटलं. कोठारामुळे कुणाची तरी खावटी बुडाली होती, कुळं कागद वाचायला लागल्यामुळे कुणाच्या तरी वह्या उघड्या पडत होत्या. भाईंचे शत्रू काही फक्त विलायतेहून आलेले नव्हते, आणि त्यांना घोगरं हसायची गरज नव्हती. आता तो सीन पस्तीस सेकंदांचा आहे. एक माणूस चिठ्ठी वाचतो, घडी घालतो, चप्पल घालतो आणि बाहेर पडतो. बस.

२ जानेवारीला पहाटे पोलीस अधिकारी हॉल याच्या तुकडीने त्यांना गाठलं. हिराजी पाटील जागीच पडले. भाईंच्या मांडीत गोळी लागली, पळणं शक्य नव्हतं, आणि जखमी भाईंवर हॉलने जवळून गोळी झाडली.

मी मूळ स्क्रिप्टमध्ये यावर दोन पानं लिहिली होती. शेवटचं भाषण, घोषणा, सगळं. ते सगळं काढलं. जे शब्द त्यांनी उच्चारले म्हणून आपल्याकडे पुरावा नाही ते त्यांच्या तोंडी घालायचे आणि वर १५ ऑगस्टला मैदानावर वाजवायचे, हे मला नको वाटलं. जुन्या श्रुतिकांमध्ये ते सर्रास चालायचं आणि आजीला ते आवडायचंही, त्यामुळे यावर आमचं अजून भांडण आहे. आमच्याकडे आता दोन गोळ्यांचे आवाज आहेत, मध्ये अंतर, आणि नंतर ओढ्याचं पाणी. पाण्याचा आवाज अकरा सेकंद जातो. एडिट करणारा म्हणत होता की अकरा सेकंद शांतता ठेवली तर मैदानावर मुलं बोलायला लागतील. लागू देत.

सिद्धगडावर दर वर्षी २ जानेवारीला पहाटे लोक जमतात. कर्जत, मुरबाड, ठाणे, लांबून लांबून येतात, काही जण रात्रीच पोचतात. नेरळच्या चौकात भाई आणि हिराजी दोघांचं स्मरण आहे. २०२० मध्ये भाईंवर मराठी सिनेमाही आला. तरीही ग्रुपमधल्या एका मुंबईकर मुलीने, जी आमच्याकडे शिकायला आलीये, पहिल्या दिवशी विचारलं होतं की भाई म्हणजे नेमके कुठले भाई? मुंबईत भाई म्हटलं की दुसरंच काहीतरी डोळ्यांसमोर येतं, यात तिची काय चूक. श्रुतिकेत निवेदन तिचंच आहे. तिला माहीत नव्हतं, म्हणून ती प्रत्येक वाक्य पहिल्यांदा कळल्यासारखं वाचते, आणि आमच्यापैकी कुणाला ते जमत नव्हतं.

परवा अख्खं रेकॉर्डिंग आजीला हेडफोनवर ऐकवलं. सव्वीस मिनिटं. तिने मध्ये एकदाही काही विचारलं नाही. गोळीच्या सीनला पदर तोंडाशी नेला, तेव्हा मी खूश झाले. पण संपल्यावर तिने चूक काढलीच. कोठाराच्या सीनला आम्ही तांदूळ स्टीलच्या डब्यात ओतले होते. तिने लगेच ओळखलं. म्हणाली की धान्य डब्यात ओतल्यासारखं वाजतंय, मोजल्यासारखं नाही. मोजताना आधी पायली भरते, मग तिच्या तोंडावरून हात फिरतो, वरचे दाणे सर्रकन खाली पडतात. सावकार तो हात कसा फिरवतो यावरच तर सगळं असायचं. आणि तांदूळ नको, भात घ्या, सालीसकट. त्याचा आवाज कोरडा असतो.

खालापूरच्या एका काकूंकडे पितळी पायली निघाली. काल संध्याकाळी त्यांच्याच ओटीवर बसून तो सीन पुन्हा केला. भात काकूंनी मोजलं, कारण आमच्या कुणाच्याच हाताला ते वळण नाही. पाचव्या टेकला जमलं. सांडलेले दाणे आम्ही सगळ्यांनी वाकून वेचले, एक दाणा राहिला तरी त्या उठू देईनात.

पंधरा तारखेला झेंडावंदन आठला आहे. श्रुतिका त्यानंतर लगेच.